चोरी झाल्यावरचे पहिले काही आठवडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरफोडी झाली की लगेच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो, रात्रीची गस्त ठरते आणि पंधरा दिवसांत गस्तीला दोनच माणसं उरतात, हे बहुतेक सगळीकडचं आहे. आमच्याकडेही तेच झालं. माझ्या शेजारच्या घराचा कोयंडा तोडून चोरी झाली, पहिला आठवडा आम्ही वीस-बावीस जण शिट्ट्या आणि टॉर्च घेऊन फिरलो, महिन्याभरात सगळे थंड पडले आणि त्याच घरात परत चोरी झाली, तीही त्याच दारातून. तुटलेला कोयंडा खिळे मारून तात्पुरता बसवला होता, मला येता-जाता रोज दिसायचा, तरी मी एका शब्दाने बोललो नाही. ह्याचं अजून वाईट वाटतं.

एकदा चोरी झालेल्या घरात परत चोरी व्हायचा धोका जास्त असतो, आणि पहिल्या काही आठवड्यांत तर फारच, कारण चोराला वाट माहीत झालेली असते आणि गेलेल्या वस्तूंच्या जागी नवीन येणार हेही कळत असतं. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या किर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकात नेमकं हेच धरून काम झालं. दोन हजारांवर घरं होती, पण सगळीकडे गस्त घालत बसले नाहीत, जिथे चोरी झाली त्याच्या आजूबाजूच्या पाच-सहा घरांनीच त्या घरावर लक्ष ठेवायचं, दारं-खिडक्या लगेच पक्क्या करून द्यायच्या, आणि घरातले नाणी टाकून चालणारे वीज-गॅसचे मीटर चोर आतल्या पैशांसाठी फोडायचे तर ते मीटरच काढून टाकले. घरफोड्या खूप कमी झाल्या. पाच-सहा घरांना हे झेपतं हो, शंभर घरांच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी बघेल.

आणि एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या गस्तीत एका रात्री आमच्यातल्याच काहींनी एका पोराला चोर समजून मारलं, तो कामावरून घरी चालला होता, त्याचा डबा रस्त्यावर उघडा पडलेला मी पाहिला. संशय आला तर पोलिसांना फोन करायचा, कोणी चोरी करताना सापडलाच तर ताबडतोब त्यांच्या ताब्यात द्यायचा, जमावाने मारहाण करणं हा गुन्हाच आहे मग समोरचा चोर का असेना. पुढे दुसऱ्या चोरीनंतर पोलिस चौकशीला आले तर कोणी तोंडच उघडेना, कारण बोललं तर मारहाणीचं पण निघेल ही भीती. एकाने रात्री अनोळखी गाडी उभी असलेली पाहिली होती, तेसुद्धा त्याने मला नंतर सांगितलं, पोलिसांना नाही.

आता आम्ही सहा घरांनी एकमेकांचे नंबर घेतलेत, कोण कधी बाहेरगावी जाणार ते ग्रुपवर न टाकता फक्त शेजाऱ्याला सांगतो. त्या दाराला नवीन कडी-कोयंडा आम्ही स्वतः उभं राहून बसवून घेतला. आणि गाडी पाहिलेल्या त्या माणसाला घेऊन मी ह्या आठवड्यात पोलिस स्टेशनला जाणार आहे, मारहाणीचंही विचारलं तर जे पाहिलं ते सांगणार आहे.

आपला,
एक नियमित वाचक