शिबिरं झाली, डोळ्याचा पडदा कोण बघणार?

मा. संपादक, स. न.

कालच्या अंकातली नेत्रशिबिराची बातमी वाचली. फोटोत पाहुणे सगळे आलेत, पेशंट तेवढा कडेला अर्धा कापला गेलाय. विक्रमी तपासण्या झाल्या म्हणे. होणारच ना, टॉर्च मारला, बोटं किती दिसतात विचारलं की पुढचा या!

आमचे मामा वेल्ह्याच्या पुढे एका वाडीत राहतात. त्यांना असल्याच एका शिबिरात मोतीबिंदू सांगितला, कपाळावर चिकटपट्टी लावून गाडीत बसवलं, ऑपरेशन झालं, काळा चष्मा आणि बिस्किटाचा पुडा देऊन घरी सोडलं. ऑपरेशन चांगलं झालं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण महिना उलटला तरी एसटीची पाटी वाचता येईना, म्हणून मी त्यांना पुण्यात आणून दाखवलं. तिथे डोळ्यात थेंब घालून अर्धा तास बसवलं, मग आत बघून डॉक्टर म्हणाले, शुगरने डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) खराब झालाय, आधी आला असतात तर लेसर करून बरंच वाचवता आलं असतं. आता गंमत बघा, शुगरच्या गोळ्या मामा कित्येक वर्षं सरकारी दवाखान्यातूनच घेतायत, पण वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या असं त्यांना एकानेही सांगितलेलं नाही. आणि सांगितलं असतं तरी तपासायचं कुठे? नेत्रचिकित्सा अधिकारी, म्हणजे सरकारी दवाखान्यात डोळे तपासणारा माणूस, कुठल्या वारी येणार हे विचारलं तर खिडकीवरचा माणूस आपल्यालाच विचारतो, कोण?

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. २०१५ ते १९ च्या सर्वेक्षणात अंधत्वाचं प्रमाण ०.३६ टक्के निघालं आणि २०२५ पर्यंत ते ०.२५ वर आणायचं ठरलं होतं. पन्नाशीपुढच्या अंधत्वात दोन तृतीयांश वाटा मोतीबिंदूचा, त्यामुळे शिबिरं नकोत असं कोण म्हणेल? पण मोतीबिंदू काढला की दिसतं, काचबिंदूने किंवा शुगरने गेलेली नजर बहुतेक वेळा परत येत नाही, आणि ती जाताना सहसा दुखतही नाही. त्याला शिबिर पुरत नाही, जवळच्या दवाखान्यात कायमचा माणूस लागतो. पण माणूस नेमल्याचा फोटो येत नाही ना.

जाता जाता, याच शिबिराचा फ्लेक्स कोथरूडमध्ये आमच्या बसस्टॉपवर असा काही लावलाय की बसचा नंबर डोळे शाबूत असणाऱ्यालाही दिसत नाही. फ्लेक्सवरचे साहेब स्वतः गॉगल लावून. महापालिकेला फोन केला तर म्हणे लेखी द्या.

तर पुढच्या वेळी तपासलेल्यांचा आकडा छापाल तेव्हा त्यातल्या किती जणांचा पडदा थेंब घालून बघितला तेही विचारून छापा. आणि जिल्ह्यात कुठल्या सरकारी दवाखान्यात डोळे तपासणारा कोणत्या वारी असतो त्याची यादी द्या, राशिभविष्याच्या शेजारी दिलीत तरी चालेल.

- एक वाचक, कोथरूड, पुणे