काका, पासंग पाहिला का?

बोस्टन, 19 ऑक्टोबर

ती. काकांना, सा. न.

काकूंनी परवा फोनवर बीटा-कॅरोटीनच्या (गाजर-पालकात असतं ते) गोळ्यांची बाटली दाखवली, तेव्हापासून जिवाला चैन नाही. "दहा अभ्यास एक होऊन सांगून राहिले, की याने फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो. मग खोटं कसं असेल?" असं तुम्ही विचारलंत. मी नुसतीच भांडले. आता नीट लिहिते.

इतवारीच्या दुकानात शटर वर गेलं की तुम्ही आधी रिकामी पारडी पाहायचात. एकदा डाव्या पारड्याखाली गूळ चिकटलेला निघाला, तो तुम्ही नखाने खरवडलात. असा पासंग, म्हणजे रिकाम्या पारड्यांतला फरक, राहिला तर एकदा तोला की शंभरदा, चूक तेवढीच. मी इथे तेच काम करते. वर्षानुवर्षं चाललेले अभ्यास एकत्र करते. माणसं वाढली की योगायोगाची चूक घटते. पण सगळ्या अभ्यासांत एकाच बाजूचा पासंग असला, तर तो बेरजेने जात नाही. उलट चुकीचं उत्तर जास्तच ठाम दिसतं. गाजर-पालक आवडीने खाणारे बहुधा सिगारेटही कमी ओढतात, फिरायला जातात. श्रेय मात्र कॅरोटीनला मिळतं.

म्हणून फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या 29,133 पुरुषांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली. काहींना रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना औषध नसलेली गोळी. 1994 मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्के जास्त! अमेरिकेतला तसाच प्रयोग 1996 मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. काका, फिनलंडमधली ती तुमच्यासारखीच, रोज ओढणारी माणसं होती.

नुसतं पाहत राहिलेले अभ्यास वाया जातात, असं मात्र नाही. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर 1951 पासून पन्नास वर्षं लक्ष ठेवलं. जितकी सिगारेट जास्त तितका कॅन्सर जास्त, सोडली की धोका उतरत गेला. आणि फरक एवढा मोठा, की कुठल्याही पासंगाने तो भरून निघेना. साठीला सोडणाऱ्यांनाही सरासरी तीन वर्षं जास्त मिळाली. तुम्हाला पौषात साठ लागतील.

गोळ्या आजच थांबवा, बाटली डॉक्टरांना दाखवा. आंबियाची संत्री आली असतील, ती खुशाल खा. या प्रयोगांत तपासली ती गोळी, फळ नव्हे. सिगारेटचं मी काकूंना विचारणार नाही. रविवारी फोन करेन, तेव्हा तुम्हीच सांगा.

तुमची,
मिनू