बेसमेंटची गळती आणि पेंटचे दोन हात

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पानावर बेसमेंटच्या गळतीवर लेख आलाय, त्यात आतून वॉटरप्रूफ पेंटचे दोन हात मारा म्हणजे ओल थांबेल असं सरळ छापलंय. मी ग्राउटिंगची, म्हणजे कॉंक्रीटच्या भेगांत दाबाने मटेरियल भरायची कामं करतो आणि आमचं बरंचसं काम असे पेंट खरवडण्यापासूनच सुरू होतं, म्हणून राहवलं नाही.

अहो पाणी भिंतीच्या पलीकडून ढकलतंय ना. जमिनीतलं पाणी वरपर्यंत आलेलं असेल तर 3 मीटर खाली चौरस मीटरला साधारण 3 टन दाब असतो. भिंत बांधतानाच बाहेरून थर दिला असता तर याच दाबाने तो भिंतीला दाबून बसला असता, पण आतून लावलेला थर मागून सुटायलाच बघतो, आधी फुगे मग पोपडे. गच्चीवर चालतं ते इथे चालत नाही. आणि बाहेर माती भरून झाली की तिकडून हात घालायची सोय राहत नाही, तिथेच सगळा घोळ आहे.

पाणी बहुतेक वेळा जोडातून येतं. राफ्ट (खालचा कॉंक्रीटचा सलग पाया) एकदा ओतलेला, त्यावर भिंत काही दिवसांनी, मधे लाकडाचा भुसा, बाइंडिंग वायरचे तुकडे, सिमेंटची साय (वर आलेला कच्चा थर) सगळं तसंच, कोणी घासून धुतलेलं नाही. मग टायरॉडची (ओततानाचा साचा धरून ठेवणाऱ्या सळ्यांची) भोकं, पाइपाभोवतीची फट, आणि व्हायब्रेटर (कॉंक्रीट हलवून घट्ट बसवायचं यंत्र) न पोचल्याने खडी उघडी राहिलेले पट्टे. शिवाय ओल दिसते तिथेच पाणी आत शिरतंय असंही नाही, पाणी सळईच्या कडेने दोन हात लांब जाऊन बाहेर येतं.

खरा इलाज इंजेक्शन, म्हणजे भेगेत पंपाने मटेरियल भरणं, पण त्यातही लोक फसवतात. ओल्या डागावर सरळ भोक पाडून पॅकर (मटेरियल आत सोडायची तोटी) ठोकतात, भोक भेगेला लागतच नाही, मटेरियल भलतीकडे. भोक भेगेपासून थोडं बाजूला, 45 अंशात तिरकं, एक डावीकडून एक उजवीकडून असं पाडायचं म्हणजे ते भिंतीच्या जाडीच्या मध्यावर भेगेला छेदतं. पंप खालून सुरू, वरच्या पॅकरमधून पीयू (पॉलियुरेथेन) बाहेर आलं की मग वर सरकायचं. वाहत्या पाण्यावर पीयू फोम फुगून अडवतो, इपॉक्सी (कडक होणारं रेझिन) तिथे टिकत नाही, ते कोरड्या भेगेत ताकद परत आणायला. आणि जेल टाइपचं, पाणी धरून ठेवणारं मटेरियल जिथे वर्षातून काही महिने सुकं असतं तिथे नकोच, सुकलं की आकसतं आणि पुढच्या पाण्याला परत गळती चालू. एक्स्पान्शन जॉइंटमध्ये (बांधकामाला हलायला मुद्दाम ठेवलेल्या फटीत) सिमेंट कोंबणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको, तो जोड हलणारच, त्याचं कामच ते आहे!

लेखात सळईचा तर उल्लेखच नाही. आत गंज चढला की तो मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि कॉंक्रीट फोडून बाहेर येतो, वरून रंग असला की ते कळतं पण उशिरा.

तर जमलं तर दुरुस्ती छापा, आणि खाली एवढं टाका की शेवटचं बिल जमिनीतलं पाणी पुन्हा वर आल्यावर भिंत बघूनच द्यावं, आमच्यासारख्यांचंसुद्धा.

आपला,
एक ग्राउटिंगवाला वाचक