जाब विचारायचा तर आधी नेमणूक द्या

मा. संपादक,
स. न.

जून उजाडला की ‘तासिका तत्त्वावर सहायक प्राध्यापक पाहिजेत’ अशा, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरताच मोबदला देणाऱ्या नेमणुकांच्या, जाहिराती वर्तमानपत्रांत दिसू लागतात. त्याच सुमारास ‘प्राध्यापकांना लाखाच्या वर पगार आणि काम शून्य’ ही चर्चाही रंगते. या दोन्हींचे मूळ एकच आहे, असे मला वाटते. म्हणून हे पत्र.

तालुक्याच्या गावी एका अनुदानित महाविद्यालयात 31 वर्षे मराठी शिकवून मी निवृत्त झालो. माझी जागा अजून भरलेली नाही. तिथे माझीच एक विद्यार्थिनी नऊ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवते आहे. सेट ही राज्याची प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहे, पीएच.डी. आहे. दर जुलैत तिची नव्याने मुलाखत होते, मार्चअखेर आदेश संपतो, एप्रिल ते जून घरी. तासांची बिले सहा-सहा महिने निघत नाहीत.

मागच्या वर्षी अंतर्गत गुण भरायच्या वेळी शिपायाने तिच्या हातात एक चिठ्ठी दिली. वहीच्या फाडलेल्या कागदावर सात रोल नंबर. बाकी काही लिहिलेले नव्हते आणि लिहायची गरजही नव्हती. त्यातली तीन मुले वर्षभर वर्गात फिरकलेली नव्हती. तिने सातही जणांना वीसपैकी अठरा गुण दिले. कळल्यावर मी तिला रागावलो. ती खाली मान घालून एवढेच म्हणाली, “सर, पुढच्या जुलैत हीच माणसं माझी मुलाखत घेणार आहेत.”

मला उत्तर सुचले नाही. तशीच चिठ्ठी 1994 साली मलाही आली होती. मी ती प्राचार्यांच्या टेबलावर परत नेऊन ठेवली. पुढे वर्षभर मला सकाळी साडेसातचे तास लावले गेले, त्यापलीकडे कोणी काही करू शकले नाही. यात माझा मोठेपणा नव्हता. माझी नेमणूक कायम होती आणि तिला विद्यापीठाची मान्यता होती, म्हणून मी नाही म्हणू शकलो.

आता आमच्या कायम मंडळींबद्दलही लिहिलेच पाहिजे. वीस वर्षे त्याच पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवणारे, तास सोडून गावात प्लॉटचे व्यवहार करणारे मी जवळून पाहिले आहेत. त्यांना वळण लागावे म्हणून 2010 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एपीआयचे, म्हणजे लेख, संशोधन, अध्यापन अशा कामगिरीवर मोजले जाणारे, गुण आणले. झाले काय? पैसे भरून लेख छापणारी नियतकालिके फोफावली आणि पदोन्नतीच्या फायली जाड झाल्या. विद्यार्थ्यांचे अभिप्राय महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायच्या आधी एका दुपारी भरून घेतले जातात. आयोगाच्या 2018 च्या नियमांत नव्या प्राध्यापकाला कायम करण्यापूर्वी पारखण्याचा एक वर्षाचा परिविक्षा काळ आहे, गरज पडल्यास तो आणखी एक वर्ष वाढवता येतो. माझ्या साऱ्या सेवेत अशा नव्या प्राध्यापकाच्या वर्गात शेवटच्या बाकावर कोणी वरिष्ठ जाऊन बसल्याचे मी एकदाही पाहिले नाही. मुदत संपली की कायम केल्याचे पत्र आपोआप निघते. आणि कायम जागेसाठी किती लाख मोजावे लागतात, हे गावातला पानवालाही सांगतो. पैसे मोजून आलेला माणूस विद्यार्थ्यांना कशाला उत्तर देईल?

आयोगाच्या याच 2018 च्या नियमांत कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या 10 टक्क्यांहून अधिक नसाव्यात, असे म्हटले होते. जानेवारी 2025 मध्ये आयोगाने जो नव्या नियमांचा मसुदा काढला, त्यात ही मर्यादाच उरली नाही. आपल्या राज्यात 2021 मध्ये 2088 पदे भरायला मान्यता मिळाली, पण माझ्या विषयाची खुर्ची आजही रिकामीच आहे.

माझी मागणी साधी आहे. रिक्त जागा पूर्ण वेळ भरा, मुलाखतीचे गुण त्याच दिवशी फलकावर लावा. परिविक्षेच्या वर्षात बाहेरच्या महाविद्यालयातील विषयतज्ज्ञाने न सांगता किमान चार तास ऐकावेत आणि त्याच्या लेखी अहवालाशिवाय कोणालाही कायम करू नये. कायम झालेल्यांचे विद्यार्थी-अभिप्राय दरवर्षी विद्यापीठाने परस्पर घ्यावेत, महाविद्यालयाच्या हाती देऊ नयेत. आणि ज्याचा आदेश मार्चमध्ये संपतो, त्याच्या एकट्याच्या सहीने अंतर्गत गुण विद्यापीठाकडे जाऊ देऊ नयेत.

– एक सेवानिवृत्त प्राध्यापक, जि. परभणी