आप्पा, एकदा महाराष्ट्र एक्स्प्रेसनं या

यवतमाळ,
रविवार, रात्री साडेनऊ

ती. आई आणि आप्पा यांस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलायला मी तीनदा सुरुवात केली. तिन्ही वेळा आप्पांनी "टोळी आली न्हाई अजून, ऊस तसाच उभाय" असं काहीतरी सांगितलं आणि मी विषय तिथंच सोडला. म्हणून पत्र लिहितेय. आईनं मोठ्यानं वाचावं आणि आप्पांनी मध्ये न बोलता ऐकावं.

दिवाळीत माझ्याबरोबर माझी इथल्या ऑफिसातली, विदर्भातली मैत्रीण घरी आली होती. आईनं तिला साडी दिली, ओटी भरली, जाताना काकवीची बाटली आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. ती अजून सगळ्यांना सांगते, असा पाहुणचार आम्हाला सख्ख्या नातेवाइकांत होत नाही म्हणून. पण पाडव्याच्या दिवशी आप्पा तिला ऊस दाखवायला घेऊन गेले. बांधावर उभं राहून तुम्ही म्हणालात, "तुमच्याकडं एवढी काळीभोर जमीन, पण मानसं आळशी. हात हलवायला नको कुणाला." ती हसली. त्याच संध्याकाळी चुलतभावांनी तिला चार वेळा तिच्या बोलीतलं "काऊन बे", म्हणजे "का रे", म्हणायला लावलं, आणि चारी वेळा सगळे हसले. ती तेव्हाही हसली. मीही हसले, आणि ते मला फार लागून राहिलंय.

परत येताना गाडीत ती दौंडपर्यंत काही बोलली नाही. मग खिडकीकडं बघत म्हणाली, "तुये आप्पा लई चांगले आहेत. पण माह्या बाबाले आजवर कोनं आळशी नोतं म्हटलं."

आप्पा, तुम्ही हे वाईट मनानं बोलला नाहीत हे मला माहीत आहे. रात्रीच्या लाइटीला उसाला पाणी द्यायला, दारं धरायला, तुम्ही आयुष्यभर बॅटरी घेऊन गेलात. दोनदा पायाखाली साप आला. कष्टाची किंमत तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच तुमच्या तोंडून ते वाक्य मला सहन झालं नाही.

खरं सांगायचं तर मीही हेच मनात घेऊन इथं आले होते. परीक्षा पास झाले आणि अमरावती विभाग मिळाला, तेव्हा आपल्या घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं. आत्या म्हणाली, "शिक्षा झालेली मानसं जात्यात तिकडं." मी मे महिन्यात रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात दुपारी एक वाजता एका गावात गेले, तर पारावर पंधरा-वीस माणसं नुसती बसलेली. त्या रात्री मीच तुम्हाला फोन करून म्हणाले होते, "आप्पा, तुम्ही सांगत होता तसंच आहे."

ते वाक्य आज परत घ्यायचंय. त्या दिवशी पारा ४५ अंशांवर होता. त्या उन्हात जनावरसुद्धा कुणी सावलीबाहेर बांधत नाही. ती माणसं पहाटे पाचला शेतात जाऊन अकराला परतली होती आणि चारनंतर पुन्हा जाणार होती. हे कळायला मला पहाटे पाचला त्या गावात जावं लागलं, आणि जायला मी तीन महिने लावले.

आता गेल्या महिन्यातलं सांगते. कापसाचा वेचा सुरू होता, आणि मैत्रिणीच्या आईबरोबर मी एक दिवस वेचायला गेले. सकाळी दव असतं तोवर कापूस ओला, म्हणून जरा थांबायचं. मग कमरेला ओटी बांधून कपाशीच्या तासात, म्हणजे ओळीत, शिरायचं. बोंड उकलून वाळलं की त्याची टोकं खिळ्यासारखी कडक होतात. मधला कापूस पाची बोटांनी एका झटक्यात काढायचा, काडीकचरा येता कामा नये, नाहीतर भाव पडतो. अर्ध्या तासात माझ्या नखांच्या कडेनं रक्त आलं. काकूंच्या बोटांना चिरा पडून पडून कातडं चामड्यासारखं झालंय. मजुरी किलोवर मिळते. कापूस इतका हलका असतो की किलोभर व्हायला किती बोंडं लागतात ते मोजायचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला. दिवसभर वाकून मी जेवढा वेचला, त्याच्या चौपट काकूंनी वेचला होता. घरी आल्यावर आधी चूल त्यांनीच पेटवली. मी तिथंच बाजेवर आडवी झाले होते.

याच जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, माणसाच्या डोक्यापर्यंत उंच वाढलेली, अंगात साधा सदरा, आणि फवारा थेट तोंडावर येणारा. ती माणसं कामावर असताना मेली, आप्पा.

तुम्ही म्हणाल, "मग एवढं राबून हातात काय? आमच्याकडं बघ." तर आपल्याकडंच बघू. यवतमाळला पाऊस आपल्या सांगलीकडच्या पलूसपेक्षा जास्त पडतो. हे मला इथं आल्यावर कळलं आणि पहिल्यांदा विश्वास बसला नाही. आपल्या शिवारात पडणाऱ्या पावसावर उसाचं एक कांडंसुद्धा वाढलं नसतं. आपला ऊस महाबळेश्वर आणि कोयनेच्या पाण्यावर उभा आहे. ब्रिटिशांनी कराडजवळ खोडशीला बंधारा घालून कृष्णा कालवा काढला, तेव्हा आपल्या पणजोबांनी त्यासाठी वेगळे कष्ट केले नव्हते. पुढं धरणं झाली, उपसा योजना झाल्या, सहकारी बँका झाल्या, आणि ऊस उभा राहिला की कारखाना तो नेणार हा भरवसा आला. तुमच्या कष्टाला त्या सगळ्यानं हात दिला. इथल्या कापसाला जूनचा पहिला पाऊस फसला की दुबार पेरणी, आणि ऑक्टोबरात अवकाळी आला की फुटलेला कापूस मातीत. बहुतेक रान कोरडवाहू आहे. जेवढे कष्ट तेवढं पीक, हा हिशोब इथं लागत नाही.

आई, आता तुला विचारते. तू आटपाडीची. लग्न होऊन आलीस तेव्हा आजी तुला काय म्हणायची ते तूच मला सांगितलं होतंस, "दुष्काळातली हाय, पाण्याचा तांब्या बघितला न्हाई कधी." मामा लोक गलाईच्या धंद्यासाठी परराज्यात गेले, सोनं-चांदी गाळत दुसऱ्याच्या गावात राहिले. त्यांना आपल्या घरात कुणी कष्टाळू म्हटलं नाही, "गाव सोडून पळाले" म्हटलं. मग टेंभू उपसा योजनेचं कृष्णेचं पाणी आटपाडीला आलं. आज मामाच्या डाळिंबाची बाग बघायला आप्पा पाहुण्यांना मुद्दाम घेऊन जातात. मामाचे हात काही बदलले नाहीत. आणि ते पाणी आपोआप आलं नाही. १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरल्या, त्या नागनाथअण्णा नायकवडींनी भरवल्या. अण्णा वाळव्याचे, म्हणजे ज्यांच्या दारात कृष्णा वाहते त्या भागातले. आप्पा, तुम्ही स्वतः ट्रकात बसून एका परिषदेला गेला होता. तुमच्या तोंडून ती गोष्ट ऐकतच मी मोठी झाले. आटपाडीसाठी जे तुम्हाला पटलं, ते यवतमाळसाठी का पटत नाही?

इथं आमच्याविषयीही कमी बोललं जात नाही. रुजू झाले तेव्हा ऑफिसात म्हणायचे, "पश्चिम महाराष्ट्राच्या मॅडम आहेत, दोन वर्षांत बदली करून जातीन." आपल्याकडच्या सवयीनं मी "येतो" म्हटलं की पोरी तोंडावर हात घ्यायच्या, बाईमाणूस "येतो" कसं म्हणतं म्हणून. एका ग्रामसभेत तर एक आजोबा माझ्याकडं बोट करून म्हणाले, "आमचा पैसा तुमच्या लोकायनं नेला." मला रडू आलं. माझ्या बापानं कुणाचा रुपया नेला नाही, असं ओरडून सांगावंसं वाटलं.

मग मी वाचायला बसले. विदर्भ १९५६ पर्यंत आपल्याबरोबर नव्हताच, मध्य प्रदेशात होता, आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारससुद्धा केली होती. तरी ही माणसं मराठी राज्यात आली, ती २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराच्या शब्दावर. निधी, नोकऱ्या, शिक्षणाच्या जागा यांत न्याय्य वाटा मिळेल, वर्षातून एक अधिवेशन नागपूरला होईल, असा तो शब्द. यशवंतराव चव्हाणांची त्यावर सही आहे, ज्यांचा फोटो आपल्या माडीवर आहे. पुढं तीस वर्षांनी, १९८३ साली, सरकारनंच वि. म. दांडेकरांची समिती नेमली. दांडेकर काही विदर्भवादी नव्हते, पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ. त्यांनी राज्याचा अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या भागांच्या विकासातली भरून काढायची तूट, मोजला, तो सुमारे ३,१८७ कोटी रुपये भरला. त्यातला ३९ टक्के एकट्या विदर्भाचा आणि साडेतेवीस टक्के मराठवाड्याचा. सगळ्यात मोठा आकडा सिंचनाचा. इथं शाळेतल्या पोरालाही "अनुशेष" हा शब्द माहीत असतो. आपल्याकडं मी तो कधी ऐकलाच नव्हता.

तुम्ही वसंतराव नाईकांचं नाव काढणार हे मला माहीत आहे. ते याच जिल्ह्यातले, पुसदचे, आणि अकरा वर्षं मुख्यमंत्री होते. मग त्यांनी का नाही केलं? हा प्रश्न इथले लोकही विचारतात, चहाच्या टपरीवर रोज भांडण होतं त्यावर. स्वतःच्या पुढाऱ्यांना ते सोडत नाहीत. पण पुढारी कमी पडले म्हणून शेतकरी आळशी ठरतो का? आपल्या पुढाऱ्यांची पापं मोजायला बसलो तर आपल्याला काय काय म्हणावं लागेल?

आणि "काऊन बे". पोरांना एवढंच सांगा की मराठीतला पहिला गद्य ग्रंथ मानतात तो लीळाचरित्र तेराव्या शतकात रिद्धपूरला लिहिला गेला. ते रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात आहे, पुण्यात नाही. ज्या बोलीला ते हसले, तिच्या मुलखात आपली भाषा पहिल्यांदा कागदावर गोष्ट सांगायला शिकली.

अजून एक. तुम्ही ज्या टोळीची वाट बघताय ती बीडची. दरवर्षी त्याच बायका पोटाशी लेकरू बांधून आपल्या फडात कोयता चालवतात. "ह्यांच्याबिगर ऊस हलत न्हाई" हे तुमचंच वाक्य. आणि तरीही कुणी लग्नाचं स्थळ आणलं की, "मराठवाड्यातलं नको, तिकडची मानसं कामाची न्हाईत," हेही आपल्याच घरात बोललं जातं. एकाच ओसरीवर ही दोन्ही वाक्यं मी ऐकलीत.

आई, तुला वाईट वाटेल अशी एक गोष्ट. विनंती बदलीचा अर्ज यंदा मी भरलेला नाही. तारीख गेली. कुणी अडवलं नाही, मीच भरला नाही. तीन गावांत शेततळ्यांचं काम अर्धवट आहे, आणि ज्या आजोबांनी माझ्याकडं बोट केलं होतं त्यांच्याच शेतात पहिलं तळं झालंय. पावसाळ्यात ते भरलं तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं आणि काही न बोलता माझ्या हातात तुरीच्या डाळीची पिशवी दिली. त्या तळ्यावर त्यांचा हरभरा कसा येतो ते मला बघायचंय. आत्याला सांगताना "पोरगी अडकली तिकडं" असं सांगू नकोस. राहिली, असं सांग.

आता माझं मागणं. ऊस गेला की, फेब्रुवारीत, तुम्ही दोघं इकडं या. महाराष्ट्र एक्स्प्रेस सांगलीवरनं मिळते, ती कोल्हापूरहून निघून गोंदियापर्यंत जाते. अख्खा प्रवास आपल्याच राज्यातून, तरी एक रात्र गाडीत काढावी लागते. खालचे दोन बर्थ मी काढून ठेवते. आप्पांनी खिडकीशी बसावं. मनमाडच्या पुढं खानदेशातल्या केळी दिसतील, मग हळूहळू काळी माती सुरू होईल. तुम्हाला उतरायचंय बडनेऱ्याला. मी येणारच आहे, पण मैत्रिणीचे बाबा म्हणतात, "येऊ द्या त्यायले, मीच आणाले जातो टेशनवर." त्यांना तुमच्या ८६०३२ जातीच्या उसाविषयी शंभर प्रश्न विचारायचेत. लागण किती फुटांवर, पाचट जाळता की कुजवता, असले.

मैत्रीण तिच्या बाबांना काही बोललेली नाही. दिवाळीत काय झालं ते त्यांना माहीत नाही. ते पहाटे पाचला शेतात जातात, आप्पा. तुम्हाला तशीही चारला जाग येते, तर एक दिवस त्यांच्याबरोबर जा. नंतर तिच्याशी काय बोलायचं ते तुमचं तुम्हाला सुचेल, मी सांगणार नाही.

आई, येताना काकवी दोन बाटल्या आण. एक त्यांच्या घरी.

तुमची,
ताई