उशिराचं कारण म्हणे पाऊस!

मा. संपादक साहेब, नमस्कार.

रखडलेल्या सरकारी कामांवर तुमच्या पेपरात सारखं काहीतरी येतंय, आणि उपाय म्हणून जो तो डॅशबोर्ड, सॉफ्टवेअर, डेटा अ‍ॅनालिटिक्स म्हणतोय. मी इथं सोलापुरात बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहे. मला त्याचं वावडं नाही, उलट पाहिजेच, पण आत टाकायचा डेटा येणार कुठनं ते कुणी विचारेना. साइटवर मस्टर म्हणजे हजेरीपट, सिमेंटचं रजिस्टर, रोजचा रिपोर्ट सगळं असतंय, फक्त ते रोज भरत नाहीत, पगाराच्या दिवशी एकाच पेनानं आख्खा आठवडा भरून टाकतात आणि बिल निघालं की पोत्यात.

क्यूबचंच घ्या. काँक्रीट टाकताना १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरतात आणि २८ दिवसांनी मशीनवर दाबून फोडतात. काम कितीही चांगलं असू दे, सगळे ठोकळे सारखे येत नाहीत, काँक्रीटच्या नियमावलीत, आयएस ४५६ मध्येच, एम २५ प्रतीच्या काँक्रीटला ४ चं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकड्यांतली कमी-जास्त, धरलंय, म्हणजे चौरस मिलिमीटरला एखादा २८ न्यूटन दाबाला फुटणार, एखादा ३५ ला. आणि रजिस्टर बघावं तर ३१.२, ३१.४, ३१.३, ओळीनं! असली रजिस्टरं मी पाहिलीत, कुठली ते सांगत नाही. हे पकडायला एआय कशाला, एक्सेलमध्ये दोन मिनिटांत कळतं की हे आकडे मशीनवरचे नाहीत, टेबलावर बसून लिहिलेत.

तसंच क्युरिंगचं. कोरड्या गरम हवेत किमान १० दिवस पाणी मारायचं असा नियम आहे, आपला एप्रिल-मे तर सगळ्यांना माहितीये. स्लॅब टाकल्याची तारीख आणि टँकरच्या पावत्या शेजारी ठेवा, कुठला स्लॅब तहानलेला राहिला ते ऑफिसात बसून दिसतंय.

मग उशिराच्या कारणाचा रकाना, त्यात बघावं तर ‘पाऊस’. अहो, सोलापुरात! पाऊस पडावा म्हणून आपण आभाळाकडं बघत बसतो. खरं कारण असतं की खोदल्यावर जुनी पाइपलाइन निघाली आणि दुसऱ्या खात्याचा माणूस आलाच नाही, नाहीतर ड्रॉइंग अडकलं, नाहीतर बिल थकलं म्हणून ठेकेदारानं गँग दुसरीकडं नेली. कधी अडलं, कुणाकडं अडलं, कधी सुटलं, एवढं जरी तारखेसकट लिहिलं तरी वर्षभरात कळेल की वेळ कामात कमी आणि वाट बघण्यात जास्त जातोय. मागच्या काही वर्षांची मस्टरं एकत्र लावली तर अजून एक दिसेल, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला हजेरी घटते, आषाढीला घटते, साखर कारखाने सुरू झाले की ऊसतोडीला गेलेले उन्हाळ्याशिवाय परत येत नाहीत, तरी बार चार्ट, म्हणजे कामाचं वेळापत्रक, करणारा बारा महिने तेवढीच माणसं धरतो.

आणि डॅशबोर्डवर प्रगती म्हणून खर्चाचा आकडा दाखवू नका प्लीज. पाइप येऊन रस्त्याकडेला पडले की त्याचं बिल निघतं, लगेच निम्मं काम झालं असं दिसतं आणि जमिनीत एक पाइप गेलेला नसतो. किती मीटर गाडले ते सांगा.

खाजगी बिल्डरला २०१६ च्या रेरा, म्हणजे बिल्डरांवर देखरेखीच्या, कायद्यानं दर ३ महिन्यांनी प्रगती वेबसाइटवर टाकावी लागते, १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा झालाय. मग गल्लीतल्या ड्रेनेजच्या कामाच्या बोर्डावर असा कोड का नको? स्कॅन केला की संपायची तारीख, आजपर्यंतचे मीटर आणि काम बंद असेल तर कुणामुळं, एवढं दिसलं पाहिजे.

तोपर्यंत निदान रजिस्टरच्या पानाचा रोज संध्याकाळी मोबाइलवर फोटो काढून खात्याच्या ग्रुपवर टाकायला लावा, त्याला टेंडर काढावं लागत नाही.

आपला,
एक साइट सुपरवायझर, जुळे सोलापूर