आजीला मोठ्यानं वाचून दाखवा

स्टुटगार्ट, ११ जानेवारी

ती. आजी, आई आणि अण्णांना शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. फोनवर आजीला धड ऐकू येत नाही आणि तुम्ही सगळे एकदम बोलता. धाकट्यानं हे तिला मोठ्यानं वाचून दाखवावं, काही न गाळता. ऑफिस, डबा, बस हे तुम्हाला पाठ आहे, ते सोडून देते.

आधी खिडक्यांचं. बाहेर बर्फ आणि घरात खिडक्या सताड उघड्या बघून आई त्या दिवशी कॉलवर चिडली. मला खोकला नाही. पैसे वाचवायला हीटरही बंद ठेवत नाही. इथली रीतच तशी आहे. तिला श्टोसल्युफ्टन म्हणतात आणि कित्येक भाडेकरारांत ती लिहिलेली असते. खिडकीला दुहेरी काच, कडेनं रबराची पट्टी. बंद केली की मुंगीला शिरायला फट नाही. भाताची वाफ, आंघोळीची वाफ, झोपेतला श्वास, सगळं आत कोंडतं, बाहेरच्या बाजूच्या गार भिंतीवर त्याचं पाणी होतं आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. बुरशी धरली की घरमालक म्हणणार, तुम्ही हवा खेळवली नाही. म्हणून हीटरची कळ शून्यावर करायची, समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडायच्या, पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. तेवढ्यात हवा बदलते, पण भिंती आणि सामान गरमच राहतं, म्हणून खिडक्या लावल्या की घर लगेच ऊब धरतं. खिडकी दिवसभर वरून किलकिली ठेवली तर उलटंच होतं. हवा फारशी बदलत नाही, खिडकीभोवतीची भिंत तेवढी थंड पडते आणि बुरशी तिथंच येते. लोक त्याच वेळी रजया खिडकीवर टाकतात. आपण अंथरूण उन्हात घालतो तसंच, फक्त ऊन नसतं. आता तरी आईनं काळजी सोडावी.

आपल्याकडे हे काम माळवदातलं साणं, मातीच्या छताला ठेवलेलं ते भोक, न सांगता करतं. धूर वर जातो, उजेड खाली येतो, कुणाला करार करावा लागत नाही.

आजी, आता तुझं. मी गोधडी घातली आहे. तू शिकवलेलं आठवत होतं, पण इथे प्रत्येक पायरीला अडतं. पहिली अडचण जमिनीची. सारवलेल्या जमिनीवर घोंगडं टाकून वर लुगडं पसरलं की ते जागचं हलत नाही. इथल्या गुळगुळीत फरशीवर चारही पदर सरकतात. खाली जाड लोकरी ब्लँकेट घातलं तेव्हा कुठे कापड धरलं गेलं. कोपऱ्यांवर ठेवायला वरवंटा नाही, म्हणून पुस्तकं ठेवली.

माप तुझंच. एक नऊवारी चौघडी केली की साधारण साडेसहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असे चार पदर होतात, एका माणसाला पुरे. उन्हाळ्याला तेवढेच चार, थंडीला सहा. आठ पदरांतून सुई निघते, पण बोटं सोलतात, अंगुस्तान घातलं तरी. आतले पदर जुन्या धोतराचे असले तर सुई लोण्यातून जावी तशी जाते. इथल्या जुन्या बाजारात आजीबाईंच्या वेळच्या लिननच्या चादरी मिळतात, कोपऱ्यावर नावाची अक्षरं भरलेल्या. दिसायला देखण्या, पण जाड आणि ताठ. वरच्या पदराला ठीक, आत घालू नये. आणि नवं सुती कापड घातलंच तर आधी दोनदा गरम पाण्यात धुऊन. नाहीतर पहिल्या धुण्यात ते एकटं आटतं, जुने पदर आटत नाहीत आणि सगळ्या गोधडीला चुण्या पडतात. नायलॉनच्या साड्या काकू हौसेनं देते, त्या घ्यायच्याच नाहीत. घाम शोषत नाहीत, पदर एकमेकांवरून घसरतात आणि दोरा झिजतो.

माझी चूक कच्च्या टाक्यात झाली. कडेनं धावदोरा घालत चौकोनावर चौकोन आत जातो ना, तेव्हा कापडातला ढिलेपणाही टाक्यापुढे सरकत आत जातो. मधे पोचेपर्यंत टम्म फुगा. म्हणून आधी मधून कडेकडे, प्रत्येक पदर हातानं ओढत, वीतवीतभर अंतरानं टाचून घ्यायचं, मगच कडेचा पहिला टाका. तू हे न बोलता करायचीस, म्हणून माझ्या लक्षात राहिलं नाही. सगळं उसवलं. दोरा दीड हातापेक्षा लांब घेतला की गुंततो, मेणावरून ओढला तर कमी. टाका बोटाच्या पेराएवढा, ओळींत दोन बोटं अंतर. ओढून घातला तर चुण्या, ढिला सोडला तर झोपेत पायाची बोटं अडकतात. गाठ पदरांच्या मधे लपवायची.

तुला आता सुईत दोरा ओवता येत नाही, असं आई म्हणाली. मोतीबिंदूच्या वेळी मी तिथं नव्हते, ते राहू दे. शेजारच्या पोरी शाळेत जाण्याआधी त्यांच्याकडून दहा सुया ओवून घे आणि उशीला टोचून ठेव. दिवसभर पुरतील.

अण्णा, घराबद्दल. माळवद पाडून स्लॅब टाकायचा तुम्ही ठरवलंय आणि मी फोनवर गप्प बसले, त्याचा तुम्ही राग धरलात. इथं बसून जुनं घर हवं म्हणणं सोपं आहे, ते मला कळतं. दर मृगाआधी वर चढून गवत काढायचं, पन्हाळं मोकळी करायची, पांढरी माती पसरून चोपायची, हे तुम्ही करता, मी नाही. आणि १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले असताना, किल्लारीला भूकंपात काय झालं ते आपल्या भागात सांगावं लागत नाही. वर्षानुवर्षं मातीवर माती चढलेलं छत, आणि मातीत रचलेल्या दोन पाखांच्या दगडी भिंती, मधे नुसती भर. दोन्ही पाखं बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, म्हणून भिंती फुगून फुटल्या.

तरी पाडण्याआधी एवढं करून बघाल का? वरची माती खरवडून वीतभरच ठेवा. खांब आणि तुळई जिथं मिळतात तिथं तिरके टेकू द्या. भिंतीत ठिकठिकाणी आरपार दगड किंवा सळईचा काँक्रीटचा तुकडा बसवा. लाकडाचा सांगाडा शाबूत असला की भिंत ढासळली तरी छत एकदम अंगावर येत नाही. आधी जिल्ह्याच्या इंजिनिअरला दाखवा, माझ्या पत्रावर जाऊ नका. त्यांनी पाडा म्हटलं तर पाडा. पैसे मी स्लॅबसाठीही देईन, दोन्हींत काही फरक करणार नाही. दीड लाख मंगळवारी पाठवलेत, खात्यात आले का बघा. धाकट्याच्या लग्नाचे वेगळे, ते मार्चमध्ये. सोनं आत्ता घेऊ नका, माझं ऐका.

आणि माझ्या लग्नाचं. लातूरच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही. त्यांना एवढंच विचारा, मुलगा इथं यायला तयार आहे की मीच परत यायचं? तेच त्यांनी मला विचारलं तर काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. मेमध्ये येते म्हणाले होते, ते जमत नाहीय. रजा धाकट्याच्या लग्नाला जोडून घेईन. आई, रडू नकोस, तिकीट तेव्हा स्वस्तही पडतं.

संक्रांतीचा तिळगूळ इथं मीच केला. पाक पुढे गेला, दगडासारखा झालाय, पण खाल्ला.

तुमची,
थोरली

ता. क. आजोबांची दोन धोतरं हिरव्या ट्रंकेत तळाशी आहेत. घर पाडायला काढलंत तर आधी ती ट्रंक बाहेर काढा. पोस्टानं पाठवू नका, मी आले की नेईन. आणि आजी, माझी गोधडी अजून मधल्या तीन चौकोनांची बाकी आहे.